सोळा किलोबाइटमधली रणभूमी

१९८१ साली अमेरिकेत अटारी कंपनीच्या घरगुती संगणकासाठी एक खेळ विक्रीला आला. नाव ‘ईस्टर्न फ्रंट (१९४१)’. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने रशियावर केलेली स्वारी हा त्याचा विषय. पडद्यावर नकाशा असे. जॉयस्टिकने तो सरकवत नेला की जंगले, दलदली, नद्या, शहरे एकामागून एक समोर येत. उन्हाळ्यात सुरू झालेली मोहीम पुढे चिखलात रुतायची, मग बर्फ पडायचे आणि नकाशाचा रंगच पालटायचा. रसद तुटली की फौज झिजायची. समोरची रशियन बाजू स्वतः संगणक लढवायचा. एवढा सगळा पसारा चालवायला त्या यंत्राला १६ किलोबाइट मेमरी पुरत होती. आज मोबाइलवर येणाऱ्या एखाद्या ‘शुभ सकाळ’च्या चित्रालाही याहून कितीतरी जास्त जागा लागते.

एक अख्खे युद्ध इतक्या लहान जागेत मावले ते एका जुन्या युक्तीमुळे. ती युक्ती म्हणजे पाळी. खऱ्या रणांगणावर कोणी कोणासाठी थांबत नाही. पण पटावर तुमची पाळी चालू असेपर्यंत शत्रू हलत नाही आणि त्याची पाळी आली की तुम्ही हात आवरता. लढाईचा गोंधळ असा तुकड्यातुकड्यांनी लावून घेतला की ती मोजता येते, लिहून ठेवता येते, पुन्हा मांडता येते. माणसाच्या बुद्धीने लावलेल्या मोठ्या शोधांत मी या शोधाची गणना करतो. या युक्तीने पटावर युद्ध मांडणारा एक प्राचीन खेळ आपल्याच देशातला. हत्ती, रथ, घोडे आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे पटावर आली, म्हणून त्या खेळाचे नाव चतुरंग.

गोदावरीच्या खोऱ्याचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. मराठवाड्याचा मोठा भाग ज्यांच्या अमलाखाली होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ज्ञानकोशासारखा ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या करमणुकींच्या प्रकरणांत त्याने चतुरंगालाही जागा दिली. पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ लिहिला. त्यांचे घराणे मूळ पैठणचे, आजोबा-पणजोबांच्या काळात काशीला जाऊन स्थिरावलेले. या ग्रंथाचे बारा मयूख, म्हणजे भाग. त्यांतला व्यवहारमयूख पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा आधार मानला गेला. त्याच ग्रंथात राजनीतीच्या ओघात बुद्धिबळही आले आहे. घोडा पटावरच्या चौसष्टही घरांत एकेकदाच जाऊन निघाल्या जागी कसा परतेल, याची रीत नीलकंठांनी श्लोकांत गुंफून दिली. धर्म, न्याय आणि राज्यकारभार यांवर लिहिणाऱ्या पंडिताला घोड्याची अडीच घरे तितकीच महत्त्वाची वाटली, हे मला फार मोलाचे वाटते.

बुद्धिबळातला पट मात्र सपाट आहे. त्यावर डोंगर नाही, नदी नाही, पाऊस नाही. ही उणीव युरोपात भरून निघाली. १७८० साली जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेलविग नावाच्या विद्वानाने हजाराहून अधिक घरांचा मोठा पट केला आणि घरांना रंग देऊन त्यांतून डोंगर, पाणी, गाव दाखवले. प्रशियात फॉन राइसविट्झ याने १८१२ मध्ये राजासमोर युद्धखेळाचे टेबलच मांडले, आणि १८२४ मध्ये त्याच्या मुलाने खऱ्या लष्करी नकाशांवर खेळायचे नियम छापले. या खेळात दोघे खेळाडू आणि मध्ये एक पंच असे. खेळाडूंनी आपले हुकूम पंचाला द्यायचे, पंचाने फासे टाकून परिणाम ठरवायचा आणि ज्याच्या फौजेला जेवढे दिसू शकेल तेवढेच त्याला सांगायचे. शत्रू टेकडीमागे असेल तर तो नकाशावर नसेच.

अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स याने १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा खेळ काढला आणि १९५८ मध्ये ॲव्हलॉन हिल कंपनी सुरू केली, तेव्हा युद्धखेळ पुठ्ठ्याच्या सोंगट्यांनिशी सामान्य घरांत पोचला. घरात तिसरा माणूस पंच म्हणून कोठून आणायचा? म्हणून पंच गेला. आणि त्याच्याबरोबर अज्ञानही गेले: दोन्ही खेळाडूंना सगळा पट उघडा दिसू लागला. सेनापतीला जी गोष्ट सर्वांत जास्त छळते तीच खेळातून निघून गेली. घरगुती संगणकाने पुढे जे मोठे काम केले ते हे, की हरवलेला पंच त्याने परत आणून बसवला. वेगवान चित्रे आणि आवाज ही त्याची खरी कमाई नव्हे.

ते कसे, हे पाहण्याआधी पटाचे व्याकरण समजून घेतले पाहिजे. त्यासाठी स्टॅलिनग्राडपर्यंत जायची गरज नाही. परभणी जिल्ह्यात पाथरी, सोनपेठ, गंगाखेडकडे येण्यापूर्वी गोदावरी बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनावरून वाहते. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे निजाम अलीची फौज नदी ओलांडत होती. निजाम स्वतः मोठ्या फौजेनिशी उत्तर तीरावर उतरला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला होता. श्रावणाच्या सुमाराचे दिवस, गोदेला पूर. नेमक्या त्याच वेळी राघोबादादा आणि अठरा वर्षांचे माधवराव पेशवे यांची फौज येऊन भिडली. विठ्ठल सुंदर मारला गेला. पलीकडे निजाम होता, फौज होती, पण मध्ये पाणी होते.

युद्धखेळ रचणारा माणूस ही लढाई अशी मांडील. नकाशावर मधमाशांच्या पोळ्यासारखी षटकोनी घरे आखायची. चौकोनी घरांत तिरके गेले तर अंतर सरळ अंतराच्या जवळजवळ दीडपट पडते आणि हिशेब बिघडतो. षटकोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात. प्रत्येक फौजेला दर पाळीला ठराविक चालगुण द्यायचे. मोकळ्या रानातल्या घराला एक गुण, पावसात भिजलेल्या काळ्या मातीच्या घराला दोन, तोफखान्याला तेथे त्याहूनही जास्त, कारण चाके रुततात. नदी ही घर नसून दोन घरांमधली कड. ती ओलांडायला पाळीतले सगळे गुण खर्ची पडावेत, आणि पूर असेल तर कड बंदच व्हावी. शत्रूच्या शेजारच्या घरात पाऊल पडले की थांबावे लागेल, त्याला वळसा घालून पुढे सटकता येणार नाही. एवढे चार नियम लावले की विठ्ठल सुंदराची कोंडी वेगळी शिकवावी लागत नाही, ती पटावर आपोआप घडते. चांगल्या युद्धखेळाची ओळख मी यावरूनच करतो: इतिहासाचा निकाल त्यात लिहून ठेवलेला नसतो, इतिहासाची कारणे ठेवलेली असतात.

हे व्याकरण यंत्राला शिकवणाऱ्या पहिल्या माणसांत ख्रिस क्रॉफर्ड होता. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, शेतीच्या मुलखातल्या एका छोट्या कॉलेजात तो भौतिकशास्त्र शिकवत असे. १९७६ मध्ये कॉलेजच्या आयबीएम ११३० या संगणकावर त्याने फोरट्रान भाषेत रणगाड्यांचा खेळ लिहिला. पुढे तोच ‘टँकटिक्स’ या नावाने कमोडोर पेट या घरगुती संगणकावर आणला, आणि १९७८ मध्ये स्वतःच विकला. जेमतेम शे-दीडशे प्रती खपल्या. या खेळात पडद्यावर चित्र नव्हते. टेबलावर छापील षटकोनी नकाशा पसरायचा, त्यावर पुठ्ठ्याच्या सोंगट्या ठेवायच्या, आणि संगणक शब्दांत सांगेल तसे शत्रूचे रणगाडे आपल्याच हाताने मांडायचे. जो रणगाडा तुमच्या नजरेच्या टप्प्यात नाही त्याबद्दल यंत्र गप्प राही. राइसविट्झचा पंच दीडशे वर्षांनी परत आला होता.

जानेवारी १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स, म्हणजे एसएसआय, या नव्या कंपनीने ‘कॉम्प्युटर बिस्मार्क’ आणला. कंपनी जोएल बिलिंग्ज या पटावरच्या युद्धखेळांच्या वेड्या तरुणाने काढलेली; प्रोग्रॅम जॉन लायन आणि एड विलेगर यांचा, बेसिक भाषेतला. मे १९४१ मध्ये जर्मनीची बिस्मार्क ही युद्धनौका उत्तर अटलांटिकमध्ये शिरली, २४ तारखेला तिने ब्रिटनची ‘हूड’ बुडवली आणि २७ तारखेला ती स्वतः बुडाली. त्या तीन-चार दिवसांत ब्रिटिश आरमारापुढे लढण्याइतकाच मोठा प्रश्न होता तो तिला शोधण्याचा. उघड्या पटावर हा शोध खेळणे फार अवघड, कारण सोंगटी समोर दिसत असते. संगणकाच्या पोटात ती सहज लपली. जर्मन बाजू चालवणाऱ्या संगणकाला कंपनीने ‘ओटो फॉन कॉम्प्युटर’ असे नावही दिले. एकट्याने खेळणाऱ्यासाठी हा केवढा दिलासा होता! छोट्या गावात युद्धखेळाची आवड असलेला दुसरा माणूस मिळणे कठीण. आता तो डब्यात मिळू लागला. त्याच वर्षी ॲव्हलॉन हिलनेही ‘मिडवे कॅम्पेन’सह पाच खेळ कॅसेटवर काढले.

आता जागेचा हिशेब. घरगुती संगणकांत ४ ते ४८ किलोबाइट मेमरी असे. एका फौजेचे वर्णन करायला किती जागा लागते? नकाशावरचे स्थान दोन बाइट, बळ एक, प्रकार एक, उरलेली रसद एक, मनोधैर्य एक. सहा बाइटांत पलटण बसली. अशा शंभर पलटणी म्हणजे ६०० बाइट. चाळीस बाय चाळीस घरांचा नकाशा, दर घराला एक बाइट, म्हणजे १,६००. सव्वादोन किलोबाइटांच्या आत दोन फौजा आणि एक मुलूख! उलट सिंक्लेअर कंपनीच्या स्पेक्ट्रम संगणकात पडद्यावरचे एक स्थिर चित्र एकटेच ६,९१२ बाइट खाई. सैनिक धावताना दाखवणे महाग होते, सैनिकाचा विचार करणे स्वस्त होते. म्हणून त्या काळातल्या गरीब यंत्रांवर संथ, बुद्धीचे खेळ इतके फुलले.

काटकसरीचा कळस पाहायचा तर डेव्हिड हॉर्न याचे झेडएक्स८१ या संगणकावरचे बुद्धिबळ पाहावे. १ किलोबाइट मेमरीच्या यंत्रावर ६७२ बाइटांत त्याने खेळणारा प्रतिस्पर्धी बसवला. किल्लेकोट, प्याद्याचा वजीर होणे असे काही नियम त्यात नव्हते, पण बाकी चाली यंत्र नियमाने आणि विचार करून खेळत असे. बंधनात राहून असे कसब दाखवण्याची परंपरा परभणी जिल्ह्याला परकी नाही. पाथरी म्हणजे जुने पार्थपूर. तेथल्या ज्ञानराजाने १५०३ मध्ये ‘सिद्धांतसुंदर’ हा ज्योतिषग्रंथ रचला. त्याचा मुलगा सूर्यदास, भास्कराचार्यांच्या लीलावतीचा आणि बीजगणिताचा टीकाकार. त्याने ‘रामकृष्णविलोमकाव्य’ लिहिले: श्लोक सरळ वाचले तर रामाची कथा, उलट अक्षरांनी वाचले तर कृष्णाची. गणिती डोक्याला मर्यादा आखून दिली की ते काय करते, याचे दोन पुरावे मला येथे चारशेहून अधिक वर्षांच्या अंतरावर दिसतात.

जागा पुरली, पण विचार कसा पुरवायचा? बुद्धिबळाच्या पहिल्या चालीला पांढऱ्याकडे वीस पर्याय असतात आणि एका पाळीत एकच मोहरा हलतो. युद्धखेळात एका पाळीत सगळी फौज हलते. समजा तीस पलटणी आहेत, आणि प्रत्येकीने सहांपैकी एका शेजारघरात जायचे किंवा जागीच थांबायचे, म्हणजे सात पर्याय. सगळे मिळून सातचा तिसावा घात, म्हणजे दोनवर पंचवीस शून्यांच्याही थोडी पुढची संख्या. आजचा कोणताही संगणक हे पर्याय एकेक करून तपासू शकणार नाही. त्या वेळचे यंत्र तर सेकंदाला काही लाख साध्या क्रिया करणारे.

क्रॉफर्डने ‘ईस्टर्न फ्रंट’मध्ये या कोड्याची केलेली उकल मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. टीव्हीचा पडदा तेथे सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवला जातो. दोन रंगवण्यांच्या मधल्या फटीत, जेव्हा पडद्यावर काहीच काढले जात नसते, तेव्हा संगणकाचे चालू काम क्षणभर थांबवून दुसरे काम करून घेता येते. खेळाडूची जॉयस्टिक पाहणे, नकाशा सरकवणे, हुकूम टिपून घेणे ही कामे क्रॉफर्डने त्या फटीत ढकलली. बाकीचा सगळा वेळ यंत्र रशियन सेनापती होऊन विचार करत असे. प्रत्येक रशियन फौज कोठे जावी याची कच्ची योजना आधी करायची. मग शेजारच्या फौजा कोठे जाणार आहेत ते पाहून, फळीत भगदाड तर पडत नाही ना हे पाहून, ती सुधारायची. पुन्हा पाहायचे, पुन्हा सुधारायचे. खेळाडू जितका वेळ विचार करत बसेल तितका वेळ यंत्रालाही मिळे, आणि त्याच्या चाली तितक्या पक्क्या होत. बटण दाबले की दोन्ही बाजूंचे हुकूम एकदमच अमलात येत. म्हणजे पाळी होती, पण ती दोघांची सामाईक. एक पाळी म्हणजे एक आठवडा. जून १९४१ पासून पुढच्या मार्चच्या अखेरीपर्यंत ४१ पाळ्या. हा खेळ साठ हजारांहून अधिक खपला. मोठ्या दुकानांतल्या झगमगीत खेळांशी तुलना केली तर हा आकडा लहान वाटेल, पण हा खेळ आधी अटारीच्या टपालाने चालणाऱ्या प्रोग्रॅम-विक्रीतून विकला जात होता हे ध्यानात घ्यावे.

याच वर्षी, १९८१ मध्ये, जगाच्या दुसऱ्या टोकाला जपानात आशिकागा या गावी असेच काही घडत होते. आशिकागा कापडाच्या धंद्यासाठी जुने प्रसिद्ध. योइची एरिकावा तेथे रंगद्रव्यांचा व्यापार करत असे; कोएई ही त्याची कंपनी १९७८ ची. धंदा मंदावलेला. तिसाव्या वाढदिवसाला पत्नी केइको यांनी त्याला शार्प कंपनीचा एमझेड-८० सी संगणक भेट दिला. एरिकावाला इतिहासाचे वेड होते. त्याने बेसिकमध्ये ‘कावानाकाजिमाची लढाई’ लिहिला: सोळाव्या शतकातले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन हे दोन सरदार. कॅसेटी टपालाने विकल्या आणि मागणी इतकी आली की रंगाचे दुकान खेळाची कंपनी होऊन बसले. सेलू, मानवतच्या कापूसबाजारातल्या वाचकाला धंदा मंदावणे म्हणजे काय हे निराळे सांगायला नको. १९८३ मध्ये एरिकावाने ‘नोबुनागाची आकांक्षा’ काढला, आणि त्यात लढाईच्या आधीचा भाग आणला: भाताचे पीक, शेतसारा, पूर अडवणारे बांध, रयतेची निष्ठा. सारा वाढवला तर खजिना भरतो, पण रयत तुटते. बांध बांधले नाहीत तर पुरात पीक जाते आणि मग फौजेला दाणागोटा उरत नाही. अमेरिकन खेळांत नकाशावरचे शेत हे फक्त ओलांडायचे घर होते. येथे ते राज्याचे मूळ झाले.

ब्रिटनमध्ये १९८२ साली आलेल्या स्पेक्ट्रमने हे खेळ मध्यमवर्गीय मुलांपर्यंत नेले. साध्या टेप रेकॉर्डरवर कॅसेट लावायची, कर्कश आवाज ऐकत काही मिनिटे थांबायचे आणि खेळ मेमरीत उतरायचा. ज्युलियन गोलॉप याने १९८४ मध्ये ‘रेबेलस्टार रेडर्स’ आणि १९८८ मध्ये ‘लेझर स्क्वाड’ लिहिले. ‘लेझर स्क्वाड’मध्ये एकेका सैनिकाला क्रियागुण होते, आणि काही गुण राखून ठेवले तर शत्रूच्या पाळीतही, तो समोर येताच, गोळी झाडता येत असे. पाळीच्या भिंतीला त्याने एक खिडकी पाडली. त्याचा १९९४ चा ‘यूएफओ’ हा जगभर गाजलेला खेळ याच घराण्यातला.

भारतात १९८४-८५ मध्ये सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले, आणि दशकाच्या उत्तरार्धात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने स्पेक्ट्रमची परवान्याने तयार केलेली भारतीय आवृत्ती बाजारात आणली. म्हणजे ते यंत्र आपल्याकडेही होते. त्याच यंत्रासाठी आर. टी. स्मिथ याने १९८५ मध्ये ‘डेझर्ट रॅट्स’ लिहिला होता: उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातली मोहीम, रसदीवर आणि अंतरावर तोललेली. हे युद्ध मराठी माणसाला परके नाही. २१ जून १९४२ रोजी तोब्रुक पडले तेव्हा तेथे वेढ्यात सापडलेल्या ११ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. ब्रिगेड म्हणजे अशा खेळांत साधारण एक सोंगटी. तिच्यात सातारा, कोकण, कोल्हापूरकडची शेकडो घरे सामावलेली असतात, हे मराठी खेळाडूने सोंगटी हलवताना जाणावे असे मला मनापासून वाटते.

हे खेळ आजही जिवंत आहेत. जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्रॅम साध्या लॅपटॉपवर चालतात. ‘ईस्टर्न फ्रंट’चा मूळ प्रोग्रॅम तर क्रॉफर्डने तेव्हाच शिकणाऱ्यांसाठी विक्रीला ठेवला होता; खेळ कसा बनतो हे लपवण्याऐवजी त्याने ते दाखवले. त्याच धर्तीवर राक्षसभुवन मांडायला परभणीच्या एखाद्या विद्यार्थ्याला दोन काठांचा नकाशा, ऑगस्टमधल्या पाण्याच्या चढ-उताराचा तक्ता, तीसेक पलटणी आणि पेशव्यांची फौज दिसेपर्यंत निजामापासून लपवून ठेवणारा पंच एवढे पुरेल. त्या खेळात निजामाच्या बाजूने बसणाऱ्याला पहिल्या पाळीला एवढेच विचारावे: नदी आज उतरायची की थांबायचे, आणि उतरायची तर आधी कोणी?